मर्डिनाचा सोमवार

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर कोणी "कशी आहेस?" विचारलं आणि समोरून "वाईट नाही" असं उत्तर आलं, तर समजावं की बाई ठणठणीत आहे. "बरी आहे" म्हणाली तर कुठेतरी दुखतंय. आणि "तशी फारशी बरी नाही" एवढं जर कोणी कबूल केलंच, तर पाद्रीबाबांना निरोप धाडायचा आणि चहाचं मोठं आधण ठेवायचं, कारण संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरणार.

मर्डिना मॅकॉले अठ्ठावन्न वर्षं "वाईट नाही" होती. तिच्या जन्माआधी तिचा काका मर्डो मासेमारीच्या बोटीवरून पडून बुडाला. त्याचं नाव चालवायला मुलगा व्हायला हवा होता, झाली मुलगी. असल्या अडचणीत आमच्याकडे कोणी डोक्याला हात लावून बसत नाही. पुरुषाच्या नावाला शेपूट जोडायचं, की झालं मुलीचं नाव. थोरला भाऊ टॉर्मोड तिला लहानपणी "मर्डोकाका" अशी हाक मारायचा आणि त्याबद्दल आईचा मार खायचा.

तरुणपणी कॅलम नावाच्या एका खलाशाने तिला मागणी घातली होती. तिच्या मनात तो भरला होता, पण एकदम हो कसं म्हणायचं, म्हणून ती "बघू" म्हणाली. त्याने तो नकार समजला आणि न्यूझीलंड गाठलं. मर्डिना त्यावर कधी काही बोलली नाही. मग आईचं आजारपण आलं, मग बाबांचं, आणि बाबा गेल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमधला त्यांचा माग तिच्या वाट्याला आला. हा माग पायांनी चालतो. दोन पेडलं आळीपाळीने दाबत राहायचं, दिवसभर. गिरणीची गाडी सूत टाकून जायची, हिने ट्वीडचं लोकरी कापड विणून रस्त्याच्या कडेला ठेवायचं, आणि गाडी ते घेऊन जायची. गारीशादर गावात तिच्या शेडची खडखड ऐकून लोक घड्याळ लावत. ती फक्त रविवारी बंद असे.

रविवार म्हणजे रविवार, देवाचा दिवस, काम नाही की प्रवास नाही. शनिवारी सूर्य मावळायच्या आत बटाटे सोलून पाण्यात, पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या मातीचा, भारा घरात, दोरीवरचे कपडे खाली. रविवारी चर्च, जेवण, पुन्हा चर्च. मुख्य भूमीवरची माणसं आमची टिंगल करतात की हे लोक शनिवारी रात्री कोंबडासुद्धा कोंबड्यांपासून वेगळा कोंडतात. तितकं काही खरं नाही, पण फार खोटंही नाही. टॉर्मोड तर चर्चच्या पंचांपैकी एक. स्तोत्राची ओळ आधी त्याने एकट्याने उचलायची आणि मागून सगळ्यांनी. काही वर्षांपूर्वी बेटावरच्या स्टॉर्नोवे शहराच्या विमानतळावर रविवारचं पहिलं विमान उतरलं, तेव्हा कुंपणाबाहेर पावसात उभं राहून निषेधाची स्तोत्रं म्हणणाऱ्यांत तो पुढे होता. मर्डिना त्याच्या शेजारी होती. त्या दिवशी तिचा आवाज त्याच्याहून वर लागला होता, असं त्याची बायको पेगी अजून सांगते.

तर अशा या मर्डिनाच्या उजव्या मांडीत आतल्या बाजूला एक गोळा आला.

तिला त्याचं काहीच वाटलं नाही. आमच्याकडे विणकराची मांडी म्हणून एक गोष्ट आहे. जन्मभर पेडल मारून मांडी सुजते, घट्ट होते, थंडीत ठणकते. बाबांची होती, शेजारच्या ॲलिस्टरची आहे. ज्याची मांडी जास्त जाड त्याचं कापड जास्त घट्ट, असं म्हणायचीही पद्धत आहे. तेव्हा मर्डिनाला त्या गोळ्याचा थोडा अभिमानच वाटला असेल तर नवल नाही. मेंढीच्या कासेला लावायचं मलम ती त्यावर चोळायची आणि पुन्हा मागावर बसायची.

गोळा दुसऱ्या कोणी पाहिला तो मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवशी. एका मेंढ्याने धडक दिली, मर्डिना कुंपणावर आपटली आणि तिची पँट मांडीवर टरकन फाटली. पेगी तिला उठवायला धावली आणि बघतच राहिली.

"हे काय गं? मांडीत बटाटा लपवलायस का?"

"माग आहे तो," मर्डिना फाटलेलं कापड धरत म्हणाली. "बाबांचीही मांडी अशीच होती."

"तुझ्या बाबांना शेवटी शेवटी मी अंघोळ घातलीये. त्यांच्या दोन्ही मांड्या सारख्या होत्या. तुझी एकच का?"

"उजवा पाय जास्त चालतो माझा."

"आणि डोकं कमी," पेगी म्हणाली. "सोमवारी डॉक्टरकडे जायचंय. जाशील की कान धरून नेऊ?"

गेली ती. पण आमच्या दवाखान्याला कैक वर्षांत कायमचा डॉक्टर मिळालेला नाही. मुख्य भूमीवरून बदली डॉक्टर येतात, पंधरवडाभर राहतात, समुद्राचे फोटो काढतात आणि जातात. पहिला म्हणाला, स्नायू दुखावलाय, शेक द्या. दीड महिन्याने दुसरा म्हणाला, चरबीची गाठ दिसते, घाबरायचं कारण नाही. तिसऱ्याने विचारलं, "तुम्ही काम काय करता?" ही म्हणाली, "माग चालवते." तो हसून म्हणाला, "मग काय, आलंच ते." प्रत्येकाने गाठ एकदाच पाहिली. वाढलेली आहे की नाही हे कळायला ती दोनदा पाहावी लागते. आणि "दुखतं का?" असं प्रत्येकाने विचारलं, त्याला मर्डिनाचं उत्तर ठरलेलं होतं. वाईट नाही. बेटावरच्या डॉक्टरला त्याचा अर्थ कळला असता. या बिचाऱ्यांनी तो शब्दशः घेतला.

चौथी डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने हाताने चाचपलं आणि काही न बोलता स्टॉर्नोवेला स्कॅनसाठी फोन लावला. पुढे सुई घालून तुकडा काढला, तो तपासायला गेला, आणि पानगळीच्या सुमारास तिनेच मर्डिनाला बोलावून घेतलं. बदलीची मुदत संपलेली असताना ती त्यासाठी दोन दिवस मागे राहिली होती, हे सांगायला हवं.

"मर्डिनाबाई, हा कॅन्सर आहे. पण नेहमीच्यातला नाही. सार्कोमा म्हणतात याला. फार कमी लोकांना होतो."

"काय म्हणालात?"

डॉक्टरीणबाईने पुन्हा सांगितलं. नंतर महिनाभर मर्डिनाला प्रत्येकाकडून तेच ऐकायला मिळालं. काय म्हणालीस? कसला? आमच्या बेटावर कॅन्सर नवा नाही. स्तनाचा झालेल्या बायकांचं एक मंडळ आहे, त्या दर महिन्याला जमतात, केक खातात, एकमेकींना पुढच्या तपासणीची माहिती देतात. आतड्याचा झालेले पुरुष बंदरावर भेटतात आणि अगदी मोकळेपणाने नको तितकं सांगतात. कोणत्या नर्सला फोन करायचा, कोणत्या विमानाने जायचं, कुठे राहायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. मर्डिनाच्या कॅन्सरला मात्र बेटावर सोबती नव्हता. मंडळातल्या बायकांनी तिला प्रेमाने बोलावलं, केक दिला, आणि मग सगळ्या गप्प झाल्या, कारण त्यांच्यापाशी तिला सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

या आजाराचे डॉक्टर ग्लासगोला. कापणारे, किरण देणारे, औषध देणारे, सगळे एकत्र बसून रोगी पाहतात तो आठवड्यातला एकच दिवस, सोमवार, सकाळी साडेआठ. पत्रात तसं लिहून आलं. सोमवारचं पहिलं विमान त्या वेळेला पोहोचत नाही. म्हणजे रविवारी निघायचं, नाहीतर शनिवारी. हे वेळापत्रक ज्याने कोणी लावलं त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याच्या घरापासून हॉस्पिटल बसने वीस मिनिटांवर असणार, इतकंच.

मर्डिनाने शनिवार ठरवला. ग्लासगोला पार्टिकमध्ये तिची मावसबहीण क्रिसी राहते, तिच्याकडे उतरायचं, रविवार तिच्या चर्चमध्ये काढायचा आणि सोमवारी हॉस्पिटल. टॉर्मोड तिला व्हॅनमधून विमानतळावर घेऊन आला. वारा असा सुटला होता की व्हॅनचं दार उघडायला दोघांना जोर लावावा लागला.

"मी गाडी लावून येतो," टॉर्मोड म्हणाला. "तू हो पुढे."

काउंटरवर गारीशादरचीच ॲनाबेल होती. ती रविवारीही कामावर येते म्हणून तिची आजी तिच्याशी बोलत नाही. मर्डिनाला बघून ती आधीच ओशाळली.

"आज काही उडत नाही, मर्डिनामावशी. वारा बघताय ना?" मग तिने आवाज खाली आणला. "उद्या दुपारी मात्र उडेल. जागाही आहे. नाव टाकू का?"

मर्डिनाने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. तिला जायचं होतं. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढे लोक म्हणाले की बाई हट्टी, बाई अडाणी, धर्मवेडी. तिला जायचंच होतं. गोळा आता रात्री तिला कुशीवर वळू देत नव्हता. रविवारच्या विमानात बसल्याने देव कोपेल अशी भीतीही तिला नव्हती. जीव वाचवायला रविवार मोडता येतो, एवढं तिला ठाऊक होतं. पण उद्या दुपारी, लोक चर्चमधून बाहेर पडत असताना, पंचाची बहीण बॅग घेऊन विमानतळाकडे निघाली, तर टॉर्मोडने तोंड कुठे लपवायचं? ज्या विमानाविरुद्ध तो पावसात उभा राहिला, त्याच विमानात ती बसणार? त्याने स्वतःहून "जा" म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी.

"उद्या नको," ती म्हणाली. "उद्या मला जमायचं नाही."

टॉर्मोड आत आला.

"काय म्हणतात?"

"विमान रद्द."

"मग?"

"बघू," मर्डिना म्हणाली.

घरी परतताना व्हॅन वाऱ्याने हेलकावत होती. टॉर्मोडने एकदा घसा खाकरला, तेव्हा तिला वाटलं, आता म्हणेल. तो म्हणाला, "वाऱ्याने शेडचं छप्पर उडेल, वरचे दगड पुन्हा बांधायला हवेत." ती म्हणाली, "हो, हवेत."

दुसऱ्या दिवशी ती चर्चमध्ये आपल्या जागेवर जाऊन बसली. टॉर्मोड स्तोत्र उचलायला उभा राहिला, त्याची नजर तिच्यावर पडली, आणि ओळ अर्ध्यावर चुकली. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. असं कधी होत नसे. लोकांनी मागे वळून पाहिलं. मर्डिनाला वाटलं, त्याला सर्दी झाली असेल. दुपारी आकाश स्वच्छ झालं आणि घराच्या खिडकीतून तिला विमान दक्षिणेकडे जाताना दिसलं.

सोमवारी सकाळी तिने हॉस्पिटलला फोन केला.

"आज यायला जमलं नाही."

"हरकत नाही," पलीकडचा मुलगा म्हणाला. "पुढची वेळ तीन आठवड्यांनी आहे. टाकतो."

का जमलं नाही हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. पण ज्या घरात रडणं हाच बेशिस्तपणा, तिथलं मूल काय करणार? हॉस्पिटलच्या संगणकात तिच्या नावापुढे नोंद झाली की रोगी आली नाही. तशी दुसरी नोंद झाली असती, तर तिचं नावच काढून टाकलं असतं.

त्या तीन आठवड्यांत ती माग चालवत राहिली. पाय जड झाला, पाऊल बधिर व्हायला लागलं. शेजारच्या ॲलिस्टरने हाक मारून विचारलं, "काय गं, आज खडखड लंगडतेय का तुझी?" ती म्हणाली, "बरी आहे." त्याने हातातलं फावडं खाली ठेवलं आणि सरळ टॉर्मोडचं घर गाठलं.

या वेळी टॉर्मोड सोबत गेला. शुक्रवारीच निघाले. क्रिसीकडे रविवार काढला आणि सोमवारी साडेआठच्या आधी हॉस्पिटलच्या बाकावर येऊन बसले. शेजारी एक उन्हाने रापलेला गृहस्थ बसला होता, कॉन्वे नावाचा. शहरातल्या माणसाला ओळख नसताना बोलायला संकोच वाटत नाही.

"तुमचाही सार्कोमा का? माझा खांद्यात. पहिल्यांदाच आलात?"

"हो," मर्डिना म्हणाली.

"घाबरू नका हो, फार चांगली माणसं आहेत ही. मला खरं म्हणजे मागच्या सोमवारी बोलावलं होतं, पण आम्ही स्पेनला होतो, तिकिटं आधीच काढलेली. मी फोन केला, म्हटलं, सोमवार काही जमत नाही बुवा. तर म्हणाले, मग मंगळवारी या ना. परत येऊन मंगळवारी सगळं दाखवून गेलो. आज नुसता निकाल ऐकायचाय."

मर्डिनाने त्याच्याकडे पाहिलं.

"मंगळवारी येता येतं?"

"येतं की! ऑपरेशनसाठी डॉक्टर असतातच इथे. विचारायचं फक्त."

त्या कॉन्वेचा राग धरण्यात अर्थ नाही. भला माणूस होता, आजार त्यालाही तोच होता. पण दोघांतला फरक बघा. त्याला स्पेनचं ऊन सोडवत नव्हतं, हे त्याने बेधडक सांगितलं आणि त्याच्यासाठी दार उघडलं. हिला देव, भाऊ आणि अख्खं गाव आडवं आलं होतं, आणि हिने "जमलं नाही" एवढंच म्हटलं. दार उघडता येतं हे ठाऊक असणं, हीसुद्धा एक श्रीमंतीच आहे, आणि ती पगाराबरोबर मिळत नाही. ती शेजारपाजारातून, ओळखीपाळखीतून, आपल्यासारख्या चार जणांकडून मिळते. मर्डिनासारखे चार जण तिच्या बेटावर नव्हतेच.

मुख्य डॉक्टर रेडपाथबाई. केस पांढरे, बोलणं सरळ. त्यांनी नवे फोटो पाहिले, मग जुने पाहिले, मग खुर्ची पुढे ओढली.

"मर्डिनाबाई, गाठ आता मोठ्या रक्तवाहिनीला आणि मज्जातंतूला वेढून बसलीये. पाय ठेवून ती काढणं मला शक्य दिसत नाही. पाय वर मांडीपासूनच काढावा लागेल. छाती अजून स्वच्छ आहे, तिकडे तो पसरलेला नाही, म्हणून घाई करायची."

मर्डिनाने मान हलवली.

"तीन आठवड्यांपूर्वी आला असतात तर..." रेडपाथबाई थांबल्या. "मी खात्रीने सांगू शकत नाही. पण कदाचित मी प्रयत्न केला असता. त्या दिवशी का नाही आलात?"

"जमलं नाही," मर्डिना म्हणाली.

"खोटं बोलतेय ती," टॉर्मोड एकदम म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा होता की दारातली नर्स आत डोकावली. "सोमवारी सकाळी इथे यायचं तर आम्हाला रविवारी निघावं लागतं. शनिवारी वादळ होतं. रविवारी आमच्याकडे कोणी प्रवास करत नाही. ती माझ्यासाठी थांबली. मी चर्चचा पंच आहे."

रेडपाथबाईंनी हातातले फोटो खाली ठेवले.

"पण फोनवर तसं सांगितलं असतंत तर... मंगळवारी पाहिलं असतं मी. बुधवारीही पाहिलं असतं."

"पत्रात सोमवार लिहिलं होतं," मर्डिना म्हणाली.

"हो, पण ते..." बाईंनी फाइलमधलं पत्र बाहेर काढलं. इतकी वर्षं ते पत्र त्यांच्या सहीने जात होतं. पत्रातला सोमवार आपल्या सोयीचा आहे, पण वाचणाऱ्याला तो सरकारी हुकूम वाटतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "बेटावरून येणाऱ्या सगळ्यांना सोमवारच देतो आम्ही," त्या हळू म्हणाल्या. "कोणी कधी तक्रार केली नाही."

"आम्ही करत नाही," टॉर्मोड म्हणाला.

बाहेर आल्यावर लिफ्टशेजारच्या खिडकीपाशी भावंडांचं भांडण झालं. आयुष्यातलं पहिलं.

"गाढवच आहेस तू!" टॉर्मोड म्हणाला. "मेंढी खड्ड्यात पडली तर रविवारी काढतो ना आपण? तू मेंढीपेक्षा कमी आहेस का? मी त्या दिवशी व्हॅनमध्ये पेट्रोल भरून ठेवलं होतं. चर्च सोडून तुला पोहोचवणार होतो. सगळ्या गावासमोरून!"

"मग म्हणाला का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?"

"कसं विचारणार? कुंपणाशी उभं राहून गळा काढला होता कोणी?"

"तू काढला होतास! माझ्याहून मोठा!" त्याने डोक्यावरची हॅट काढली. "मला वाटलं, मी जा म्हणालो तर तुला वाटेल की याने आपला धर्म गुंडाळून ठेवला. मला वाटलं, तुझं मन घट्ट आहे, त्याला धक्का लावू नये."

"माझं मन घट्ट?" मर्डिना म्हणाली. "आग लागो तुझ्या शहाणपणाला."

मग ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. टॉर्मोड पाठीमागे हॅट हातात धरून उभा होता. त्याला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्याकडे तेही कोणी करत नाही. शेवटी तो क्रिसीला फोन करायला गेला.

पाय काढला. जखम भरली, छाती स्वच्छ राहिली, आणि वसंतात मर्डिना कुबड्यांवर घरी आली. एका पायाने तो माग चालत नाही. गिरणीच्या माणसाने बरं बोलून सूत परत नेलं. शेडला कुलूप लागलं आणि गावाला सकाळ झाल्याचं कळेनासं झालं. टॉर्मोड रोज सकाळी तिच्याकडे पीट आणून टाकायचा, विस्तव पेटवायचा. दोघं हवेबद्दल बोलायची. त्या रविवारचा विषय निघाला की तो उठून जायचा.

रेडपाथबाईंनी निरोप देताना तिला एक गोष्ट विचारली होती. बेटांवरून असा आजार घेऊन कोणी आलं, तर तुमचा नंबर द्यायचा का? मर्डिना म्हणाली होती, वाईट कल्पना नाही. नंतर तिला त्याचा पस्तावाच झाला. आपण काय सांगणार कोणाला? आपल्याला बोलता कुठे येतं?

उन्हाळ्यात एका सकाळी फोन वाजला. शोनाग म्हणून उत्तर युइस्ट बेटावरची एक बाई होती. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"तुम्ही मर्डिना का? तुमचा नंबर नर्सने दिला. माझा नवरा यूअन, शेवंडं पकडतो. त्याच्या पाठीत निघालाय हो तो... ते नाव मला घेता येत नाही."

"सार्कोमा."

"तोच. तिकडे सोमवारी बोलावलंय. आणि इथून रविवारी काहीच सुटत नाही, आणि शनिवारी निघायचं तर सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्यापाशी कोणाला ठेवायचं? यूअन म्हणतो, राहू दे, पुढच्या महिन्यात बघू."

"कसा आहे तो?"

"तसा... बरा आहे म्हणतो."

मर्डिनाने कुबडी ओढून घेतली.

"पुढच्या महिन्यात बघायचं नाही," ती म्हणाली. "फोन ठेव. तिथेच थांब, कोंबड्यांकडे जाऊ नकोस."

तिने हॉस्पिटलचा नंबर फिरवला. पूर्वीचाच मुलगा.

"मर्डिना मॅकॉले बोलतेय, लुईसहून. युइस्टच्या एका माणसाला तुम्ही सोमवार दिलाय. सोमवारी त्याला येता यायचं नाही. दुसरा दिवस द्या."

"नाव सांगा... हं. मंगळवारी दुपारी दोन, चालेल?"

"चालेल."

"बदललं. आणखी काही?"

"नाही," मर्डिना म्हणाली.

तिने शोनागला कळवलं. पलीकडून हुंदका आला.

"देव तुमचं भलं करो! काय सांगितलंत त्यांना? भांडावं लागलं का खूप?"

"नाही. नुसतं विचारलं."

"एवढंच?"

"एवढंच," मर्डिना म्हणाली.

फोन ठेवून ती बसून राहिली. फोन वाजायच्या आधी ओतलेला चहासुद्धा अजून निवला नव्हता. टॉर्मोड पीटची टोपली घेऊन मागच्या दाराने आत आला आणि तिच्याकडे पाहून जागच्या जागी थांबला. ऑपरेशनच्या आधी, नंतर, घरी आल्यावर, कधीही त्याने तिच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं. आता ती तोंडही न झाकता, लहान मुलासारखी मोठमोठ्याने रडत होती.

"काय झालं? मर्डिना? दुखतंय का?"

ती "काही नाही" म्हणेल म्हणून तो थांबला. ते ऐकलं की टोपली ठेवायची आणि हवेबद्दल बोलायचं, हे त्याला सवयीचं होतं.

"टॉर्मोड," ती म्हणाली, "मला माझा पाय हवा होता रे."